स्ट्रापी या साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेख भरला, पण साइटवर दिसत नाही?

कोड उघडण्याआधी त्या नोंदीची स्थिती बघा. स्ट्रापी ५ मध्ये ड्राफ्ट अँड पब्लिश (मसुदा आणि प्रसिद्ध प्रत वेगळी ठेवण्याची सोय) चालू असेल, तर ‘सेव्ह’ दाबल्याने फक्त मसुदा जपला जातो. एपीआय, म्हणजे साइट ज्या मार्गाने स्ट्रापीतून मजकूर मागते तो, वेगळं काही न सांगितल्यास प्रकाशित प्रतच देतो. आधी प्रसिद्ध झालेल्या लेखात शुद्धलेखनाची चूक सुधारून नुसतं सेव्ह केलंत, तर नोंदीवर ‘मॉडिफाइड’ असं दिसतं आणि वाचकांना जुनाच मजकूर दिसत राहतो. पुन्हा ‘पब्लिश’ दाबावंच लागतं.

एपीआय ४०३ (परवानगी नाही, अशी त्रुटी) देत असेल, तर सेटिंग्जमध्ये रोल्समधल्या ‘पब्लिक’ला (लॉगिन न केलेल्या वाचकांना) त्या कंटेंट टाइपसाठी, म्हणजे लेखासारख्या मजकुराच्या प्रकारासाठी, ‘फाइंड’ (यादी वाचणं) आणि ‘फाइंडवन’ (एक नोंद वाचणं) यांची परवानगी द्या. एवढीच द्या. घाईत सगळ्याच चौकटींवर टिक केली, तर ‘डिलीट’ही जगाला खुलं होतं, हे खरंच जपा.

लेख आला, पण फोटो आणि लेखकाचं नाव गायब? मीडिया आणि रिलेशन (लेखकासारख्या दुसऱ्या नोंदीशी जोडणी) आपोआप येत नाहीत, विनंतीत ‘पॉप्युलेट’ पॅरामीटर द्यावा लागतो. नवशिके इथे सहज अडकतात.

मराठी मथळ्यांसाठी एक खास गोष्ट. स्लग, म्हणजे लिंकमध्ये दिसणारं लेखाचं नाव, ज्यात भरतात त्या यूआयडी फील्डमध्ये देवनागरी अक्षरं चालत नाहीत, त्यामुळे तो स्वतः रोमन अक्षरांत टाइप करा. ‘पावसाळी भाज्या’ असा मथळा असेल तर तेच शब्द रोमनमध्ये, मधे हायफन. आणि लेख एकदा प्रसिद्ध झाला की स्लगला हात लावू नका, लोकांनी पुढे पाठवलेल्या लिंक तुटतात.

साइट स्टॅटिक (पानं आधीच तयार करून ठेवलेली) असेल तर पब्लिशनंतर नवा बिल्ड, म्हणजे पानं पुन्हा तयार करणं, सुरू करणारा वेबहूकही (आपोआप जाणारा संदेश) जोडून ठेवा.