बाळाची कॉट: झोपवण्याआधी काय तपासायचं

देवगडला माझं सुतारकाम आहे. चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली. अमेरिकेहून परतलेल्या एका नातेवाइकांनी आपल्या मुलाची जुनी कॉट तिला दिली होती. देखणी, खटका दाबला की एक बाजू खाली सरकणारी. इथल्या खाऱ्या हवेनं तिची सळई गंजली होती, खटक्याचं प्लॅस्टिक तडकलं होतं. मी बाइंडिंग वायरचे दोन वेढे मारून बाजू बसवून दिली.

आठवड्यानं बाजूचा खालचा कोपरा सुटला. गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट पडली आणि बाळ कमरेपर्यंत तिच्यात गेलं. आजी शेजारीच तांदूळ निवडत होती, तिनं उचललं. माझ्या वायरीनं ती कॉट धड दिसत होती, म्हणूनच बाळ तिच्यात झोपलं होतं. हे मला अजून विसरता येत नाही.

नंतर कळलं की अशा सरकत्या बाजूच्या कॉट अमेरिकेत 28 जून 2011 पासून बनवायला आणि विकायला बंदी आहे. 2000 पासूनच्या दहा वर्षांत निदान 32 लहान मुलं त्यांच्यात गुदमरून किंवा गळा अडकून गेली होती. तो कायदा तिकडचा, पण कॉट सामानाबरोबर इकडे येते. तेव्हा पहिली गोष्ट: सरकती बाजू असेल तर कॉट नको. दुरुस्तही करून घेऊ नका, सुतार कितीही ओळखीचा असो.

चारही बाजू पक्क्या असल्या, तर गजांमधलं अंतर मोजा. 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा नेहमीचा जाड कॅन लावून बघा. तो पार गेला तर बाळाचं अंगही जाईल, आणि डोकं मागे अडकेल. माझ्याकडे आता 6 सेंटिमीटरचा सागाचा ठोकळाच कापून ठेवलाय. कोपऱ्याचे खांब वरच्या पट्टीशी सपाट हवेत. कातीव कमळं कोरायची मला फार हौस होती, पण त्यांच्यात झबल्याचा गळा अडकतो. आता कोरत नाही.

आपल्याकडे लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं, म्हणून सांधे ढिले होतात. स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट घ्या, तेही स्टेनलेस स्टीलचे, आणि दर महिन्याला पान्यानं आवळा. हातानं हलवून बघा. करकरलं तर बाळ आत ठेवू नका.

गादी काथ्याची, टणक. शेवरीच्या कापसाची गुबगुबीत गादी मोठ्यांना बरी, बाळाचं नाक तिच्यात रुततं. गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटं शिरली तर गादी लहान आहे. फट गोधडी कोंबून बुजवायची नाही. उशी, लोड, कठड्याला बांधायच्या मऊ गाद्या, काहीच आत नको. त्या बांधायच्या गाद्या आणि बाळाला झोपवायची 10 अंशांपेक्षा जास्त उताराची आसनं यांच्यावर अमेरिकेनं 2022 मध्ये बंदीचा कायदा केला. उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. म्हणून पाळणा टांगतानाही चारही साखळ्या सारख्या लांबीच्या करा. सपाट जागेवर, उताणं, एवढंच.

मच्छरदाणी आपल्याला टाळता येत नाही. ती ताणून बांधा, बाळाच्या हाताला लागता कामा नये. दोरीची खेळणी बाळ हातापायांवर उठायला लागलं की काढा, आणि गादी सगळ्यात खाली उतरवा.

ती कॉट मी शेवटी करवतीनं कापली. अख्खी भंगारवाल्याला दिली असती तर पुन्हा कुणाच्या तरी घरी गेली असती. तुम्हीही तसंच करा. फक्त ते तुकडे पाणी तापवायच्या चुलीत घालू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.