लाल ढेकूण आणि नीलवंत फुलपाखरू, नीट कसं बघायचं

जंगलात मुलांना घेऊन गेलात तर ही जोडी नक्की दाखवा, कीटक म्हणजे काय ते यातून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही.

ढेकणासाठी एप्रिल-मेमध्ये सावरीच्या झाडाखाली जा. बोंडं फुटून कापूस-बिया खाली पडलेल्या असतात आणि त्यावर लालभडक ढेकूण गोळा झालेले असतात, बरेच जण तर शेपटीला शेपटी लावून जोडीने फिरत असतात. कपाशीवर येतो तोच हा तांबडा ढेकूण. एक पारदर्शक डबीत घ्या आणि खालून बघा, तोंडाची सोंड पोटाखाली दुमडलेली दिसेल, ती बीमध्ये खुपसून तो रस ओढतो. पाठीवरचे पंख भिंगातून बघा, अर्धे जाड आणि टोकाकडे पातळ काळे, म्हणूनच या गटाला अर्धपंखी म्हणतात. बघून झालं की तिथेच सोडा.

नीलवंत (राणी पाकोळी पण म्हणतात) 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. पावसात आणि पावसानंतर सह्याद्रीत ओढ्याकाठच्या सावलीत जास्त दिसतं, नर ओल्या मातीवर बसून क्षार शोषतात तेव्हा हळूच जवळ जाता येतं. याचीही सोंडच, पण घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, टोचायची नाही, फक्त प्यायची. पंखांना हात अजिबात लावू नका, बोटाला लागते ती पावडर म्हणजे त्याचे खवले.

खरी मजा पिल्लांत आहे. ढेकणाचं पिल्लू आईबापासारखंच लाल, फक्त पंख नसतात, पाच वेळा कात टाकून मोठं होतं, कोष वगैरे काही नाही. नीलवंतची अळी मात्र माकडलिंबूवर किंवा घरच्या लिंबाच्या पानावर शोधा, लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते त्यामुळे दहा वेळा नजर जाऊनही सापडत नाही, मोठी झाली की हिरवी होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते, एकदाच करा, उगाच छळू नका. मग कमरेला रेशमी धागा बांधून कोष करते.

अळी घरी आणलीच तर ज्या झाडावर मिळाली त्याचीच ताजी पानं रोज द्या, आणि बाजारातल्या फवारलेल्या रोपाची पानं चुकूनही नको, मरते.