प्रजननाचा पाठ शिकवताना या चुका टाळा

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये हा पाठ तिसरा आहे. तरी कित्येक शाळांत तो प्रिलिम तोंडावर आली की उरकला जातो, कारण सरांना किंवा मॅडमना तो 'नको' असतो. मग एका तासात दोन आकृत्या, चार व्याख्या, 'बाकीचं घरी वाचा'. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांवर १९३० च्या दशकात लैंगिक विषयांवर मराठीत लिहिल्याबद्दल अश्लीलतेचे खटले झाले, हे खरं. पण आता हे सगळं बोर्डाच्याच पुस्तकात छापलेलं आहे. तुमच्यावर कोणी खटला भरणार नाही. आवाज खाली न आणता शिकवा.

मुली हॉलमध्ये, मुलं मैदानावर

ही चूक इतक्या शाळांत पाहिली आहे की आता चीड येते. एका तालुक्याच्या गावी मला व्याख्यानाला बोलावलं होतं. पोचले तर मुलींना आधीच हॉलमध्ये बसवलेलं, मुलांना फुटबॉल देऊन बाहेर काढलेलं. मुली परतल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाकिटं घेऊन. मधल्या सुट्टीपर्यंत मुलांमध्ये अफवा फिरू लागल्या. मुलींना इंजेक्शन दिलं, मुलींची कसलीतरी तपासणी झाली, त्यातली एक 'नापास' झाली. एका मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, ते औषध आम्हाला का नाही?" आणि वर्गशिक्षकांचं म्हणणं काय, तर मुलं हल्ली फार आगाऊ झालीत!

मुलांना अर्धवट अंधारात ठेवायचं आणि मग ती चेष्टा करतात म्हणून ओरडायचं, याला काय अर्थ आहे? मी अख्खा पाठ एकत्र वर्गातच घेते. पाळीसुद्धा. पहिली दहा मिनिटं खुसखुस होते, होऊ द्यावी. फळ्यावर नाव लिहायचं, ते सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, आणि पुढे जायचं. तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत कोणी हसत नाही. वेगवेगळं बसवते ते नंतर, एखाद्या तासापुरतं. मुलींशी पॅड बदलणं, पोटदुखी वगैरे. मुलांशी आवाज फुटणं, झोपेत वीर्यस्खलन होणं आणि त्याने अशक्तपणा येत नाही हे. मुलांसाठीचा तो तास बहुतेक शाळा विसरतातच.

२८ दिवसांचा हट्ट

फळ्यावर गोल काढायचा, २८ भाग करायचे, चौदाव्यावर अंडमोचन, म्हणजे अंडपेशी बाहेर पडणं, झालं ऋतुचक्र. परीक्षेला चालतं. पण समोर बसलेल्या मुलींची पाळी नुकती सुरू झालेली असते, आणि तिला तो गोल माहीत नसतो.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीची पाळी चाळीस दिवसांनी यायची. शाळेत २८ ची व्याख्या पाठ करून घेतली होती. तिने स्वतःच निदान केलं की आपलं गर्भाशय बिघडलंय. आईने कुणाच्या सांगण्यावरून कसलंसं चूर्ण सुरू केलं, उपासतापास झाले. अखेर डॉक्टरकडे गेल्या तेव्हा कळलं, काहीही झालेलं नाही.

म्हणून मी गोल काढतच नाही. रेषा काढते. २८ ही सरासरी, मोठ्या बायकांमध्ये साधारण २१ ते ३५ दिवस, आणि पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ४५ पर्यंतही चालतं. मग दुसरी दुरुस्ती: ते चौदा दिवस पुढून मोजायचे नाहीत, मागून मोजायचे. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी अंडपेशी बाहेर पडते. म्हणजे ३५ दिवसांचं चक्र असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. हे गणित मुलांनाही सोडवायला लावते. त्याच ओघात सांगून टाकते की शुक्रपेशी स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे 'सुरक्षित दिवसां'चा हिशेब भरवशाचा नाही. डॉक्टरकडे कधी जायचं तेही लिहून देते: पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, तीन महिने खंड पडला, किंवा दर तासा-दोन तासाला पॅड भिजतंय.

आईचं रक्त बाळात जातं

जात नाही. वारेमध्ये दोन्ही रक्तं पातळ पडद्याच्या अल्याड-पल्याड वाहतात; ऑक्सिजन आणि अन्नघटक पलीकडे जातात, रक्त मिसळत नाही. आई ओ गटाची आणि बाळ ए गटाचं असू शकतं, एवढं उदाहरण पुरतं. मात्र वर्गातल्या मुलांच्या घरचे रक्तगट गोळा करू नका. एखाद्याचा जुळला नाही तर त्याच्या घरी काय होईल? गट काल्पनिक घ्या. खेड्यातल्या मुलांना 'वार पडली का' हा प्रश्न गोठ्यातूनच माहीत असतो, त्यांना पाठ तिथून सुरू करून द्या.

शर्यत जिंकलेला हिरो

'तू करोडो शुक्रपेशींना हरवून जन्माला आलास' हे प्रेरणादायी व्याख्यात्यांचं आवडतं वाक्य वर्गात नको. शुक्रपेशी पुढे सरकतात त्यात गर्भाशयाच्या आकुंचनाचाही वाटा असतो, आणि आधी पोचलेल्या लगेच फलनक्षम नसतात. शिवाय तुमची निम्मी गुणसूत्रं अंडपेशीतून आली, तिने कोणती शर्यत लावली?

दोष कोणाचा

मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. इतपत शिकवून काही जण थांबतात, 'म्हणजे दोष बापाचा' असं म्हणून. दोष कसला? दर वेळी शक्यता जवळपास निम्मी-निम्मी, आधी किती मुली झाल्या याचा तिच्याशी संबंध नाही. चार बहिणींच्या पाठची मुलगी तुमच्याच वर्गात बसलेली असते.

किरकोळ, पण दरवर्षी दिसणाऱ्या:

फलन गर्भाशयात होत नाही, अंडनलिकेत होतं. स्त्रीचा मूत्रमार्ग आणि योनीमार्ग वेगळे असतात. पेपरात दहातल्या पाचांचं हे चुकतं. बाळ जठरात नसतं, हे दहावीतही सांगावं लागतं. आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ लावून मागच्या बाकावर वह्या तपासत बसणं म्हणजे शिकवणं नव्हे.

प्रश्नपेटी

पेटी ठेवतात, पण चिठ्ठी फक्त ज्याला प्रश्न आहे त्याने लिहायची. मग लिहिताना दिसेल कोण? मी सगळ्यांना सारखाच कागद देते. प्रश्न नसेल त्याने 'प्रश्न नाही' लिहायचं, पण पेन प्रत्येकाचं चाललं पाहिजे. चिठ्ठ्या तिथेच उघडत नाही. घरी वाचते, उत्तरं दुसऱ्या दिवशी.

पेटी ठेवताना 'मी कोणालाही काही सांगणार नाही' असं वचन मात्र कधीही देऊ नका. एखाद्या चिठ्ठीत कोणी लैंगिक त्रास देत असल्याचं आलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगा, आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा. तास संपला तरी तो पुसू नका.