सेप्सिसमध्ये अस्तराच्या चाचण्या करताय? या चुका टाळा

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराच्या बेताल प्रतिसादानं अवयव बिघडतात तेव्हा, रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, सोलवटून निघतं. अस्तरावरची लव (ग्लायकोकॅलिक्स) झडली की तिच्यातलं सिंडेकॅन-१ हे प्रथिन रक्तात येतं. चिडलेल्या पेशी त्यांच्या पोटातल्या वायबेल-पालाडे पिशव्या रित्या करतात, त्यातून अँजिओपॉइटिन-२ (अस्तर गळकं करणारं प्रथिन) आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) बाहेर पडतात. अस्तरावरच्याच थ्रॉम्बोमॉड्युलिन या प्रथिनाचे तुकडेही रक्तात सापडतात. एमडीच्या प्रबंधासाठी हे सगळं मोजणारे विद्यार्थी आता बरेच भेटतात. त्यांची मेहनत खरी असते, म्हणूनच नमुना हातचा गेला की जीव हळहळतो.

सर्वांत जास्त घोळ ट्यूबपाशी होतो. अँजिओपॉइटिन-२ चं भावंड अँजिओपॉइटिन-१ प्लेटलेट्समध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींमध्ये, ठासून भरलेलं असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त गोठलं की ते सीरममध्ये (गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) उतरतं. मग तुम्ही अँजिओपॉइटिन-२ आणि १ यांचं गुणोत्तर काढता आणि प्लेटलेट्स कमी असलेल्या रुग्णात ते फुगलेलं दिसतं, कारण भाजकच घटलेला असतो. तुम्ही अस्तर मोजतोय म्हणता, प्रत्यक्षात मोजता प्लेटलेट्स. गुणोत्तर हवं असेल तर प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) घ्या, तोही प्लेटलेट्स उरणार नाहीत इतका नीट सेंट्रिफ्यूज केलेला. आणि सगळ्या रुग्णांचा एकाच पद्धतीनं, निम्म्यांचं सीरम नि निम्म्यांचा प्लाझ्मा असं नको.

व्हॉन विलब्रँडसाठी सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) निळी ट्यूब लागते. ती लगेच लॅबला पोचणार नसेल म्हणून कुणी फ्रिजमध्ये ठेवतं. तसं करू नका. न वेगळं केलेलं रक्त थंड झालं की हा फॅक्टर खोटाच कमी येतो. रक्तगटही लिहून ठेवा: 'ओ' गटात त्याची पातळी मुळातच साधारण २५ टक्के कमी असते.

मूत्रपिंड विसरणं ही दुसरी मोठी चूक. विरघळलेलं थ्रॉम्बोमॉड्युलिन काही अंशी लघवीवाटे जातं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) चढलेलं असेल तर आकडा साचून वाढतो, आणि सेप्सिसमध्ये मूत्रपिंड तर अनेकदा दुखावतं. सिंडेकॅन-१ बद्दलही हीच काळजी घ्या. आकड्याशेजारी त्याच दिवसाचं क्रिएटिनिन नसेल तर त्या आकड्याला अर्थ लावायला मी तयार नसते.

सिंडेकॅन-१ वाढलं म्हणजे सेप्सिसच, असंही नाही. मोठा अपघात, भाजणं, मोठी शस्त्रक्रिया, डेंग्यू यांतही ते चढतं. मायलोमात (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) ते कर्करोगाच्या प्लाझ्मा पेशींतूनच येतं, गरोदरपणात वारेतून. अस्तरासाठी मोजलं जाणारं आणखी एक प्रथिन, आयसीएएम-१, पांढऱ्या पेशींवरही असतं. त्यामानाने ई-सिलेक्टिन हे प्रथिन जवळजवळ फक्त चिडलेल्या अस्तरावरच सापडतं.

नमुन्याची वेळ लिहिलेली नसते, हे तर रोजचंच. तीन लिटर सलाईन गेल्यावर घेतलेलं रक्त पातळ झालेलं असतं. पहिला नमुना शक्यतो सलाईनच्या आधी घ्या, नाहीतर किती मिली गेलं ते तरी टिपा. एलायझाच्या (ही प्रथिनं मोजायच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या) वेगवेगळ्या किटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा दुसऱ्या शोधनिबंधातली मर्यादा आपल्या रुग्णाला लावू नका.

आणि खाटेपाशी यातल्या कशाचीही वाट पाहू नका. २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्सिस ठरतो तो अवयव किती बिघडले यावरून, म्हणजे अवयवांच्या बिघाडाला गुण देणाऱ्या सोफा स्कोअरवर. लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन पुरतो का याचा अंदाज देणारी रक्तचाचणी), रक्ताचं कल्चर (जंतू शोधणारी चाचणी) आणि पहिला अँटिबायोटिक डोस हे त्याच तासात व्हायला हवं. एलायझाची प्लेट त्यानंतर चार दिवसांनी लावली तरी चालते, फक्त प्लाझ्मा उणे ८० अंशांवर असावा आणि पुन्हा पुन्हा वितळवलेला नसावा.