ओंदोल आणि संपत जाणारं रॉकेल

दक्षिण कोरियात, जिरीसान डोंगराच्या पायथ्याशी, गुर्येजवळच्या खेड्यात भाड्याचं जुनं घर. फरशीखालून गरम पाणी फिरतं, ते ओंदोल. जानेवारीत 200 लिटर रॉकेल तीन आठवड्यांत फस्त, तरी खोली गारच! बॉयलर मी 'शिल्ने'वर, म्हणजे खोलीच्या तापमानावर, 23 ला लावला होता. फटींतून वारं शिरणाऱ्या घरात 23 होतंय कशाला? बॉयलर आपला अखंड घरघरतोय.

शेजारच्या हाल्मोनीने (आजीच ती) आत येऊन फरशीला तळहात लावला, हसली आणि बटण 'ओंदोल'वर, म्हणजे फरशीखालच्या पाण्याच्या तापमानावर, नेलं. आता पाण्याचं तापमान 55 वर धरतो. फरशीवर गोधडी दिवसभर पसरलेली, हेही तिचंच, ऊब टिकते. बाहेर जाताना बंद नाही करत, 'वेचुल', म्हणजे 'बाहेर गेलोय'चं बटण, लावतो. नाहीतर पाइप गोठतात.