जॅझची शिष्यवृत्ती आणि बँडमधली रिकामी खुर्ची

जॅझ शिकायला परदेशात जायचं म्हणून पहिल्या खेपेला मी पाच संगीतशाळांत अर्ज केले. तीन ठिकाणी प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती एकाही ठिकाणी नाही. ऑडिशनच्या दिवशी माझ्या आधी एक डबल बासवाला आत गेला होता. बंद दारातूनही सगळं ऐकू येत होतं. मुलगा ठीकठाक वाजवत होता, बस्स. पुढे ओळख झाल्यावर कळलं की त्याची अर्ध्याहून जास्त फी माफ झाली होती. मी गिटारवाला, वर्षभर बोटं झिजवलेली. माझा जळफळाट झाला.

शेवटी मी तिथल्या एका प्राध्यापकांना ईमेल करून सरळ विचारलं, माझं काय कमी पडलं? दोन ओळींचं उत्तर आलं. कमी काही पडलं नाही. आमच्याकडे गिटारवाले भरपूर आहेत आणि यंदा दोन बासवाले पदवी घेऊन जात आहेत.

हे गणित मला आधी कोणी समजावलं नव्हतं, म्हणून इथे नीट सांगतो. सर्वसाधारण बिग बँडमध्ये पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, बास, ड्रम्स, गिटार असा ऱ्हिदम सेक्शन असतो. म्हणजे ट्रॉम्बोनच्या खुर्च्या चार आणि गिटारची एक, तीही कधीकधी रिकामीच ठेवतात. संगीतशाळेला आपले बँड दरवर्षी उभे करायचे असतात आणि शिष्यवृत्तीचे बरेचसे पैसे त्या हिशेबाने वाटले जातात. आपण तिला बक्षीस समजतो. शाळेच्या बाजूने पाहिलं तर ती जवळजवळ नोकरभरती असते. त्यामुळे अर्ज करण्याआधी विभागाला बेधडक विचारा: पुढच्या वर्षी माझ्या वाद्याचे किती विद्यार्थी बाहेर पडताहेत? मी दुसऱ्या वेळी आठ ठिकाणी विचारलं, सहा ठिकाणांहून सरळ उत्तर आलं. जमलं तर तिथल्या शिक्षकाची एक शिकवणीही पैसे देऊन घ्या. ऑडिशनला ओळखीचा चेहरा समोर असला की हात कमी थरथरतात, आणि चार वर्षं याच माणसाकडे शिकायचंय का, हेही कळतं.

या वाटेने परदेशातून आलेले लोक थोडेथोडके नाहीत. पियानोवादक तोशिको आकियोशी 1956 मध्ये जपानहून बोस्टनच्या बर्कली संगीतशाळेत आल्या त्या शिष्यवृत्तीवरच. व्हिएन्नाचा पियानोवादक जो झाविनुल 1959 मध्ये तसाच आला आणि काही आठवड्यांतच ट्रम्पेटवादक मेनार्ड फर्ग्युसनच्या बँडमध्ये काम मिळाल्यावर शाळा सोडून गेला. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे!

आता पैसा कुठे कुठे असतो ते. अमेरिकेतल्या बऱ्याच संगीतशाळांत गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज नसतो, ऑडिशनवरूनच ठरतं. बर्कलीत ऑडिशनबरोबर मुलाखतही असते. गरजेवर आधारलेली सरकारी मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, त्यामुळे शाळा स्वतःच्या निधीतून काय देते तेच आपल्या कामाचं. एक बारीक नियम मात्र माहीत असू द्या. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत किमान 1000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातल्या रहिवाशाच्या दराने फी लावता येते. ही सवलत ठरावीक संख्येतच देता येते, पण मिळाली तर छोट्या दिसणाऱ्या हजार डॉलरची खरी किंमत कितीतरी पट होते. आणि जॅझची पदवी 1947 पासून देणारं नॉर्थ टेक्सस विद्यापीठ त्याच राज्यात आहे. मी पहिल्या वर्षी फक्त शिष्यवृत्तीचा आकडा बघून टेक्ससची विद्यापीठंच बाजूला टाकली होती. शहाणपणा!

पदव्युत्तर पातळीवर हर्बी हॅन्कॉक इन्स्टिट्यूटचा कार्यक्रम आहे, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. तिथे सुटे विद्यार्थी घेत नाहीत, निवडून एकच छोटा बँड बांधतात आणि त्या सगळ्यांची फी पूर्ण माफ असते. खुर्चीचं गणित इतकं उघडपणे दुसरीकडे दिसत नाही. युरोपचा हिशेब निराळा. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत फी जवळजवळ नसतेच (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपाबाहेरच्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं), त्यामुळे प्रश्न उरतो राहण्याखाण्याचा. पदवी झालेल्या संगीतकारांसाठी डाड (DAAD) या जर्मन संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे.

प्रीस्क्रीन, म्हणजे आधी पाठवायचं रेकॉर्डिंग, इथे पुष्कळ लोक गळतात. बऱ्याच ठिकाणी त्याची मुदत 1 डिसेंबरच्या आसपास असते. साधारण एक ब्लूज, एक बॅलड (संथ रचना) आणि एक जलद लयीतली रचना मागतात. हेड, म्हणजे रचनेची मूळ धून, वाजवायचं, दोन कोरस सोलो, परत हेड. कोरस म्हणजे आपल्या भाषेत रचनेचं एक पूर्ण आवर्तन. दोन म्हटलं की दोनच. मी पहिल्या वर्षी सहा कोरस वाजवले होते. ऐकणारा दिवसभरात कितीतरी चित्रफिती बघतो, तिसऱ्या कोरसला तो पुढे गेलेला असतो. जोडकाम न करता एका दमात रेकॉर्ड करा, तसं बहुतेक ठिकाणी सक्तीचंच असतं. तयार ट्रॅकवर वाजवायची परवानगी असली तरी दोन माणसं मिळत असतील तर माणसांबरोबर वाजवा. ट्रॅक तुमचं ऐकत नाही आणि ते रेकॉर्डिंगमध्ये लगेच कळतं. बॅलड शेवटी ठेवू नका. घाई लपत नाही अशी तीच एक जागा, तेव्हा ताजेतवाने असताना ती उरकून टाका.

प्रत्यक्ष ऑडिशनला सोलोपेक्षा मधल्या गोष्टी मोजतात, हे मी दोनदा भाजल्यावर शिकलो. समोर न पाहिलेला चार्ट, म्हणजे लिहिलेली रचना, ठेवतात. पियानोवर चार सूर एकदम दाबून कॉर्ड ओळखायला सांगतात. ड्रमरबरोबर चार-चार मात्रांचे चार बार आलटून पालटून वाजवायला लावतात. आणि दुसरा सोलो घेत असताना तुम्ही साथ कशी करता ते बघतात. दुसऱ्या वर्षी मी सहा महिने जवळजवळ फक्त कॉम्पिंग, म्हणजे कॉर्ड्सची साथ, केलं: कमी सूर, योग्य जागा, पियानो असेल तर गप्प बसणं. त्या ऑडिशनला माझा सोलो मधेच घसरला, एका ठिकाणी मी चेंजेस, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम, चुकलो. तरी पत्र आलं त्यात फीची साठ टक्के माफी होती.

पत्र साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतं. आधी बघा शिष्यवृत्ती एका वर्षापुरती आहे की दरवर्षी नूतनीकरण होणारी. त्यासाठी किती ग्रेड टिकवावी लागते. आणि नेमून दिलेल्या बँडमध्ये वाजवण्याची अट आहे का. बहुतेक वेळा असते. मग रक्कम कमी वाटली तर मागा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शाळेचं जास्त रकमेचं पत्र जोडून, नम्रपणे, 1 मेच्या निर्णयाच्या तारखेआधी लिहिलं तर कोणी रागावत नाही. फार तर नाही म्हणतात. मला एकीकडे नाही म्हणाले, दुसरीकडे थोडे वाढवून दिले.

अमेरिकेला जाणार असाल तर दोन गोष्टी पत्रात कोणी लिहीत नाही. व्हिसाच्या कागदपत्रांसाठी शिष्यवृत्ती वजा जाता उरलेला पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च, राहण्याखाण्यासकट, दाखवावा लागतो. शिवाय फीपलीकडे राहण्याखाण्यासाठी जी रक्कम मिळते ती करपात्र असते, आणि परदेशी विद्यार्थ्याची त्यातून सहसा 14 टक्के कपात होते. हातात येणारा आकडा त्यावरून काढा.

विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण बाहेरच्या क्लबात पैसे घेऊन वाजवायला आधी परवानगी लागते, आणि अभ्यासक्रमाशी जोडलेली ती परवानगी बहुधा पहिलं शैक्षणिक वर्ष संपल्यावरच मिळते. दुसऱ्याच आठवड्यात एका सीनियरने मला शुक्रवारच्या गिगला बोलावलं, पाकीट मिळणार होतं. मी नाही म्हटलं. त्याच्याऐवजी रविवारच्या जॅम सेशनला जायला लागलो, जिथे कोणालाच काही मिळत नव्हतं. तिथेच तो बासवाला पुन्हा भेटला. वर्षभरात त्याचा हात विलक्षण सुधारला होता.