कुत्रा-मांजर असलेल्या घरात बिअर बनवताना केस कसे टाळावेत

आमच्याकडे मोती नावाचा काळा लॅब्रेडॉर आहे आणि मनी नावाची मांजर. आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो. हिवाळ्यात महिनोन्‌महिने खिडक्या बंद असतात आणि कितीही झाडलं तरी गालिच्यातून मोतीचे केस निघतच राहतात. मी घरी बिअर बनवायला लागलो त्या वर्षी एका मित्राने गव्हाच्या बिअरचा ग्लास उजेडात धरला. फिकट सोनेरी बिअर, आणि तिच्यात एक काळा केस. त्याने काही न बोलता ग्लास खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर बिअर कधी झाकलेली असते, कधी उघडी असते आणि केस नेमका कुठून येतो हे मी प्रत्येक खेपेला लक्ष देऊन पाहत गेलो. त्यातून जी रीत बसली, ती इथे सांगतो.

त्याआधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ही कृती तिथल्या वाचकांनी करायची नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्राची मुभा मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, तीही फक्त घरच्यासाठी, विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे असतात. अलाबामा आणि मिसिसिपीत ही परवानगी २०१३ साली आली. तुम्ही राहता तिथला नियम आधी पाहून घ्या.

उकळीच्या आधी आणि उकळीनंतर

घरातला प्रत्येक केस पकडायला गेलात तर दमाल, आणि त्याची गरजही नाही. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून जे गोड पाणी निघतं त्याला वर्ट म्हणतात. ते हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालून साधारण तासभर उकळतं. त्याआधी पडलेला केस दिसायला वाईट, पण त्याच्यावरचे जंतू उकळीत मरतात. उकळताना झाकण लावायचं नसतं, कारण शिजलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जावा लागतो. म्हणजे तासभर पातेलं उघडंच असणार. त्या तासात केस दिसला तर चमच्याने काढा आणि पुढच्या कामाला लागा.

गॅस बंद केल्यावर मात्र चित्र बदलतं. वर्ट साधारण ६० अंश सेल्सियसच्या खाली आलं की त्यात पडेल ते जगू लागतं. केसाबरोबर कातडीचा कोंडा येतो, लाळ येते, अंगणातली माती येते. त्यांच्यावर लॅक्टोबॅसिलस हे आंबट करणारे जंतू असतात, रानटी यीस्ट असतं. कोमट, गोड आणि अजून यीस्ट न घातलेलं वर्ट त्यांना हवंच असतं.

आजी कैरीचं लोणचं घालायची तेव्हा कैऱ्या चिरायला आम्ही सगळी पोरं असायचो. फोडी बरणीत भरायची वेळ झाली की आम्हाला बाहेर काढून ती हात धुऊन, कोरडे करून बसायची आणि शेवटी बरणीला दादरा बांधायची. बिअरचं तेच आहे. उकळीनंतरचं वर्ट सोवळ्यातलं समजा. एका खेपेत ते खऱ्या अर्थाने उघडं पडतं ते गार करताना, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या झाकणाच्या भांड्यात, ओतताना आणि बाटल्या भरताना. मिळून फार तर दीड-दोन तास. तेवढे सांभाळायचे.

आदल्या संध्याकाळी

झाडणं-पुसणं बिअरच्या दिवशी करू नका. झाडलं की बारीक केस आणि कोंडा हवेत उडतो आणि बराच वेळ खाली बसत नाही. आदल्या संध्याकाळी व्हॅक्यूम फिरवा आणि मग ओल्या फडक्याने ओटा, कपाटांच्या कडा आणि जमीन पुसा. कुत्र्याला विंचरायचं असेल तर तेही आदल्या दिवशी, घराबाहेर. वसंतात आणि शरदात दुहेरी अंगकेस असलेले कुत्रे अक्षरशः पुंजक्यांनी केस टाकतात. त्या दिवसांत बिअरची तारीख आठवडाभर पुढे ढकललेली बरी.

भांड्यांमध्ये सगळ्यात जास्त केस लपतात ते वर्ट गार करायच्या तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यात आणि बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात घ्यायच्या सायफनच्या रबरी नळीत. दोन्ही वापरून झाल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून मोठ्या झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. प्लास्टिकची बादली कोरड्या कापडाने कधीही पुसू नका. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत घासलेल्या प्लास्टिकवर विजेचा भार बसतो आणि केस आपणहून येऊन चिकटतात. मला हे कळायला दोन हिवाळे लागले. बादली धुवा, पालथी घालून निथळू द्या, बस.

माल्ट साठवायला हवाबंद, रबरी कडेचे पिंप वापरा. कुत्र्याचं कोरडं खाणं ठेवायला जे मिळतात तेच चालतात, फक्त खाण्याचं आणि माल्टचं पिंप वेगळं असू द्या.

बिअरच्या दिवशी

अंगावर नुकताच धुतलेला सुती टी-शर्ट घाला. लोकरी स्वेटर किंवा फ्लीस नको, त्यांच्यात केस अडकून राहतात आणि तुम्ही पातेल्यावर वाकलात की तिथेच सुटतात. बाह्या कोपरापर्यंत वर, हात कोपरापर्यंत धुतलेले. चिकट रोलर एकदा छातीवरून आणि पोटावरून फिरवा. मोतीला मी सकाळी लांब फिरवून आणतो, मग तो वरच्या खोलीत झोपतो. मनीसाठी दार लावावंच लागतं, कारण गरम पातेलं आणि हलणारी नळी दिसली की ती ओट्यावर येते. गरम वर्टने प्राणी भाजू शकतो, तेव्हा केसांचा प्रश्न नसता तरी दार लावणं योग्यच.

मग हीटिंग किंवा एसीचा पंखा. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत गरम हवा जमिनीजवळच्या व्हेंटमधून येते, आणि व्हेंटच्या आत केसांचा साठा असतो. गॅस बंद करायच्या अर्धा तास आधी थर्मोस्टॅट बंद करा आणि फर्मेंटरचं झाकण लागेपर्यंत तसाच ठेवा. बाहेर उणे पंधरा असलं तरी तेवढ्या वेळात घर गारठत नाही. माझ्या घरात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर याने.

सॅनिटायझर दोन पायऱ्यांत समजून घ्या: आधी स्वच्छ, मग निर्जंतुक. केस किंवा वाळलेला मळ चिकटलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नाही, मळाच्या खाली जंतू सुखरूप राहतात. स्टार सॅन हे आम्ही वापरतो ते आम्लयुक्त द्रव. १९ लिटर पाण्यात ३० मिली, म्हणजे एका लिटरच्या फवारणीच्या बाटलीत दीड मिली. एक-दोन मिनिटं भांडं ओलं राहिलं पाहिजे, नंतर धुवायचं नाही. फेस उरला तरी चालतो. ही फवारणीची बाटली दिवसभर हाताशी असू द्या. झाकण, कात्री, यीस्टचं पाकीट, स्वतःची बोटं, सगळ्यावर मारायची.

गार करताना

ही सगळ्यात नाजूक वेळ. १९ लिटर वर्ट तांब्याच्या वेटोळ्याने गार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि नळीची दोन तोंडं बाहेर येत असल्यामुळे झाकण नीट बसत नाही. वेटोळं उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी आत सोडा म्हणजे ते तिथेच निर्जंतुक होतं. सोडण्याआधी उजेडात धरून वेढ्यांमधला केस पाहा. गॅस बंद केला की पातेल्यावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन मोठे तुकडे नळीभोवती दाबून बसवा. फॉइलच्या आतल्या बाजूवर सॅनिटायझर मारलेलं असू द्या. वर्ट ढवळायचं असेल तर फॉइल न काढता नळीच धरून हळू गोल हलवा. दर दोन मिनिटांनी डोकावून पाहायचा मोह टाळा, थर्मामीटर फॉइलला भोक पाडून आत ठेवता येतो.

बागेत बिअर करणारे म्हणतात बाहेर केस नसतात. कुत्रा ज्या अंगणात लोळतो तिथे असतात, शिवाय वारा असतो. उकळायला बाहेर, गार करायला आत, असं मी करतो.

फर्मेंटरमध्ये घेताना उंचावरून ओतू नका. पातेल्याच्या तोटीला निर्जंतुक नळी लावून वर्ट आत सोडा, फर्मेंटरच्या तोंडाला नळीभोवती फॉइल. यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो, त्यासाठी झाकण लावून फर्मेंटर जोरात हलवला तरी पुरतं. यीस्ट लगेच घाला. एल प्रकारच्या बिअरसाठी वर्ट १८ ते २० अंशांवर असताना ताजं यीस्ट पडलं की ते साखर भराभर खाऊन जागा व्यापतं, आणि चुकून आत गेलेल्या एखाद्या केसावरचे जंतू मागे पडतात. उशीर करून उद्या घालू म्हटलं की त्या जंतूंना रात्र मिळते.

आंबत असताना

झाकणावर जो एस आकाराचा एअरलॉक बसतो, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी, त्याचं मला कौतुक वाटतं. १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत काढा उकळून उघडाच ठेवला. हवा आत जात होती, पण धूळ वळणात अडकून राहत होती, आणि काढा खराब झाला नाही. जंतू धुळीबरोबर येतात हे त्यातून दिसलं. एअरलॉकच्या वळणातलं पाणी तेच काम आणखी पक्कं करतं. त्यात साध्या पाण्याऐवजी सॅनिटायझर किंवा व्होडका घाला, कारण थंडी पडली की आतली हवा आकसते आणि ते द्रव थोडं आत ओढलं जाऊ शकतं.

आंबणारा फर्मेंटर कोमट असतो आणि मांजरांना ते बरोबर कळतं. मनी झाकणावर वेटोळं करून झोपायची आणि एअरलॉकभोवती केसांचं कडं तयार व्हायचं. झाकण उघडताना तेच आत पडतं. फर्मेंटर दार लागणाऱ्या कपाटात किंवा जुन्या फ्रिजमध्ये ठेवा. तशी सोय नसेल तर धुतलेली मोठी उशीची खोळ वरून चढवा आणि उघडण्याआधी ती हळूच उलटी गुंडाळत काढा, झाकणाची कड सॅनिटायझरच्या फडक्याने पुसा. फेस वर येऊन नळीवाटे बरणीत जात असेल तर त्या बरणीचं तोंडही झाका, नाहीतर कुत्रा ती चाटून साफ करतो.

साखर किती उरली हे कळण्यासाठी घनता मोजायला फर्मेंटर फार तर दोनदा उघडा आणि मोजलेली बिअर परत आत ओतू नका.

केसांपेक्षा मोठी काळजी: हॉप्स

हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, ताजे, गोळ्यांचे आणि उकळून झालेले, तिन्ही. खाल्ल्यावर काही तासांत कुत्रा जोरजोरात धापा टाकतो, अस्वस्थ होतो, उलट्या होतात, अंगाचा ताप झपाट्याने चढत जातो, झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. ग्रेहाउंड आणि लॅब्रेडॉरसारख्या जातींत हे दिसून आलं आहे, पण कुठलीही जात सुरक्षित समजू नका. पातेल्याच्या तळाचा हिरवा गाळ पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाका. उघड्या कंपोस्टात नको. कुत्र्याने खाल्ला अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. हॉप्स घालण्याआधी गाळून काढलेल्या माल्टच्या चोथ्याची बिस्किटं मात्र थोडी देता येतात, मोतीला ती फार आवडतात.

बाटल्या भरताना

१९ लिटरला ३५५ मिलीच्या साधारण पन्नास बाटल्या लागतात. म्हणजे पन्नास उघडी तोंडं. माझ्या मित्राच्या ग्लासातला केस बहुधा बाटलीतूनच आला होता, कारण मी धुतलेल्या बाटल्या आठवडाभर रॅकवर उघड्या ठेवल्या होत्या. बाटल्या त्याच दिवशी धुवा, प्रत्येकीतून उजेडाकडे पाहा. डिशवॉशर असेल तर साबण आणि रिन्स एड (भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून घालतात ते द्रव) न घालता, गरम वाळवणीसह चालवा आणि भरेपर्यंत दार बंद ठेवा. रिन्स एड राहिलं तर बिअरचा फेस टिकत नाही. आधी तयारी करायची असेल तर बाटलीच्या तोंडाला फॉइल लावून ओव्हनमध्ये १७५ अंशांवर तासभर ठेवा आणि ओव्हनमध्येच गार होऊ द्या, म्हणजे काच तडकणार नाही. फॉइल निघेपर्यंत आत काही जात नाही.

झाकणं सॅनिटायझरच्या वाडग्यात ठेवा. एक बाटली भरली की लगेच तिच्यावर झाकण नुसतं ठेवा, दाबून बसवणं सहा-सहाच्या गटाने करा. पंखा बंद, दार बंद, रोलर पुन्हा एकदा अंगावरून.

तरीही केस सापडला तर

यीस्ट घालण्याआधी दिसला तर निर्जंतुक चमच्याने काढा आणि यीस्ट लगेच घाला. आंबणं सुरू झाल्यावर तरंगताना दिसला तर झाकण उघडू नका. बिअरमधलं आम्ल, अल्कोहोल आणि हॉप्सचा कडूपणा मिळून माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात टिकू देत नाहीत. धोका चवीचा असतो. केसासाठी झाकण उघडलंत तर आणखी हवा, आणखी धूळ आत जाते. बाटल्या भरताना सायफनचं टोक पृष्ठभागाच्या खाली आणि गाळाच्या वर धरा, केस मागेच राहतो. वर पांढरी सुरकुतलेली साय धरली किंवा नको असलेला आंबट वास आला, तर आत दुसरंच काही वाढलं आहे. तेव्हा ती बिअर वेगळी ठेवा, बाटल्यांत भरू नका, कारण रानटी यीस्ट उरलेली साखर खात राहिलं तर बाटली फुटू शकते.

भरलेल्या बाटलीत केस दिसला तर ती पाहुण्यांसमोर ठेवायची नाही. मांजराची ॲलर्जी असलेल्या माणसाला तर मुळीच नाही. अशा बाटलीच्या झाकणावर मी पेनाने फुली मारतो, आणि ती घरच्यासाठी राहते.